दोन अध्यक्षांचं साल

माझ्या लग्नाची गोष्ट सांगायची तर रोमन लोकांपासून सुरुवात करावी लागते, त्याला माझा इलाज नाही. कुणाचं लग्न मावशीच्या ओळखीतून जमतं, कुणाचं मोबाइलवर. माझं प्राचीन रोमच्या राज्यपद्धतीतून जमलं, आणि मोडायची वेळ आली तीही तिच्यामुळंच.

तेव्हा मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते. नोकरी आहे का, असं कुणी विचारलं की हो आणि नाही, दोन्ही उत्तरं खरी ठरावीत अशी ती नोकरी. बी.ए.च्या पोरांना रोम शिकवायचं माझ्याकडं होतं. दुपारच्या तासाला पोरं डुलक्या काढायची आणि मी फळ्यासमोर पेटलेली असायची. तिथं न खपलेलं रोम मग मी घरी घेऊन यायची. रोमन श्रीमंत लोक डाव्या कोपरावर रेलून, आडवं पडून जेवायचे, हे ऐकल्यावर बाबांनी दुसऱ्याच दिवशी दिवाणावर आडवं होऊन भाकरी खायला सुरुवात केली. "उगं साम्राज्य झालं का त्यांचं?" म्हणाले. आई म्हणाली, "खा आडवं पडून. पण लेंग्यावर कालवण सांडलं तर धुणार कोण? रोमात कोण धूत व्हतं ते बी सांग गं." मी सांगितलं की रोममध्ये धुलाईच्या दुकानात कपडे लघवीनं स्वच्छ करायचे, आणि ती गोळा करायला रस्त्याच्या कडेला भांडी ठेवलेली असायची. आईनं माझ्याकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं, आणि त्यानंतर तिनं रोमबद्दल कधी काही विचारलं नाही.

बाबा बसस्टँडवर कंट्रोलर होते. आयुष्यभर त्यांनी गाड्या सोडल्या, गाड्या थांबवल्या, आणि निवृत्त झाल्यावर थांबवायला काहीच उरलं नाही म्हणून ते सोसायटीकडं वळले. मूळचे आम्ही दौलताबादचे. किल्ल्याखाली आमची शेती, सीताफळाची बाग. माझे तिन्ही चुलते तिथंच राहतात आणि बाबांचं निम्मं मन अजून तिथंच असतं.

आमच्या सोसायटीला दोन विंग. ए विंगमध्ये आम्ही, आणि बी विंगमध्ये तो. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. आठवड्याला शिफ्ट बदलायची, त्यामुळं आमच्या भेटीसुद्धा शिफ्टप्रमाणं असायच्या. त्याची पहिली पाळी असली की संध्याकाळी पार्किंगमध्ये, दुसरी असली की सकाळी गच्चीवर. त्याच्या आई सरकारी दवाखान्यातून मेट्रन होऊन निवृत्त झाल्या होत्या. नवरा लवकर गेला, त्यांनी एकटीनं मुलगा वाढवला. सगळी सोसायटी त्यांना सिस्टर म्हणायची, आणि त्या नुसत्या जिना चढून आल्या तरी माणसं सरळ बसायची.

आता मुद्द्याचं. आम्ही मराठा, ते बौद्ध. शहरात आता याचं काही राहिलं नाही असं सगळे म्हणतात, आणि लग्नाची पत्रिका छापायची वेळ आली की ते असतं. त्यामुळं आमचं प्रकरण आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगायचं तर एकाच वेळी दोन किल्ले पडायला हवे होते, बाबांचा आणि सिस्टरांचा. कुठल्याच किल्ल्याची फट आम्हाला सापडत नव्हती.

एका उन्हाळ्यात आमच्या जुन्या अध्यक्षांनी रागावून राजीनामा दिला. टँकरच्या पाण्याला वास येतो असं कुणीतरी म्हणालं होतं आणि त्यांनी ते स्वतःच्या अंगाला लावून घेतलं. गच्चीवर बैठक बसली. ए विंग म्हणाली, आमचे कंट्रोलर साहेब. बी विंग म्हणाली, आमच्या सिस्टर. दोघंही मागं हटेनात. बाबा म्हणाले, "मी लई गाड्यांचं नियोजन केलंय." सिस्टर म्हणाल्या, "मी माणसांचं केलंय." आणि तिसरं कुणी मध्ये पडायच्या आत माझ्या तोंडातून निघून गेलं की रोममध्ये तर दोन अध्यक्ष असायचे.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मला तर काय, तास मिळाला. मी सांगत सुटले. रोमन लोकांनी राजाला हाकलून दिलं आणि ठरवलं की पुन्हा एकाच माणसाच्या हातात सत्ता द्यायची नाही. म्हणून दोन कॉन्सल. दोघांना सारखा अधिकार, मुदत एकच वर्ष. एकानं काही ठरवलं आणि दुसऱ्याला पटलं नाही, तर त्यानं फक्त मनाई करायची, की काम जागच्या जागी थांबायचं. दोघंही एकाच फौजेबरोबर लढाईवर गेले, तर एक दिवस हा सेनापती आणि एक दिवस तो.

लोकांना हे इतकं आवडेल असं मला वाटलं नव्हतं. तळमजल्यावर भाड्यानं राहणारे, शहागंजात अत्तराचं दुकान असलेले चाचा तर उठून उभेच राहिले. "ये सही है! झगडा करने का भी कायदा होना," म्हणाले. मनाई करायला कोणता शब्द ठेवायचा, यावर थोडी चर्चा झाली. बाबा म्हणाले, 'मना' ठेवू. चाचा म्हणाले, "उससे अच्छा नक्को बोलो. सब कू समझता." आणि हात वर करून ठराव पास झाला. एक दिवस बाबांचा, एक दिवस सिस्टरांचा, आणि ज्यानं नक्को म्हटलं त्याच्यापुढं दुसऱ्यानं गप्प बसायचं. ज्याचा दिवस त्याच्याकडं पंपरूमची किल्ली. किल्ली रोज सकाळी सात वाजता एका घरातून दुसऱ्या घरात जायची. चाचांना आम्ही ट्रिब्यून केलं, म्हणजे भाडेकरूंचे कैवारी. ट्रिब्यूनच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं असायचं, एवढं मी सांगितलं मात्र, चाचांनी दुसऱ्या दिवसापासून दाराला वीट लावली. आठवडाभरात त्यांच्या घरात दोन मांजरी राहायला आल्या आणि कैवार त्यांचाच सुरू झाला.

पहिले काही महिने नुसता हैदोस होता. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा, तेही कधी येईल ते कुणाला माहीत नसतं, त्यामुळं सगळी सत्ता शेवटी टँकरमध्ये. बाबांनी त्यांच्या दिवशी टँकर बोलवायचा, सिस्टरांनी नक्को म्हणायचं. सिस्टरांनी त्यांच्या दिवशी टाकी धुवायला काढायची, बाबांनी नक्को म्हणायचं, तोवर टाकी अर्धी धुऊन झालेली असायची. एकदा दोघांनी एकमेकांचे हुकूम इतके फिरवले की गेटवर दोन टँकर समोरासमोर उभे राहिले आणि आत जायला वाट एकच. दोघे ड्रायव्हर खाली उतरून मला विचारू लागले की ताई, इथं नेमकं राज्य कुणाचं आहे. मी म्हटलं, हा प्रश्न रोममध्येही विचारला जायचा. त्यांना काही त्याचं कौतुक वाटलं नाही.

आणि मी? मी हवेत होते. कारण रोज सकाळी सातला ती किल्ली. आमच्यात दारात आलेल्या माणसाला चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाहीत. शत्रू असला तरी देत नाहीत, उलट शत्रू असला तर दूध जास्त घालतात. कॉन्सल लोकांनी एकमेकांना चहा पाजावा असं रोमनांच्या कायद्यात कुठं नव्हतं, ही आमच्या सोसायटीची भर. म्हणजे बाबा एक दिवसाआड बी विंगमध्ये आणि सिस्टर एक दिवसाआड आमच्याकडं! मी त्याला मेसेज केला, की आपल्या भेटी होवोत न होवोत, आपल्या घरांच्या भेटी सरकारी खर्चानं सुरू झाल्या. त्यानं उत्तरादाखल नुसतीच नाचणारी माणसं पाठवली.

पण बाबा सिस्टरांकडं चहा घेईनात. दारातच उभे राहायचे, "आत्ताच घेऊन आलो" म्हणायचे, किल्ली घ्यायचे आणि यायचे. सिस्टर मात्र आमच्याकडं आल्या की व्यवस्थित बसून चहा घ्यायच्या, आईच्या पोह्यांत मीठ कमी असलं तर तसं सांगायच्या. बाबा आत का जात नव्हते? हट्टामुळं, की दुसऱ्या कशामुळं? मी त्यांना विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती. आजही मला ते ठरवता येत नाही, आणि आजही ते खुपतं.

मग एका सकाळी त्या दारात बाबांना घेरी आली. सिस्टरांनी त्यांचं मनगट धरलं, आत ओढून खुर्चीत बसवलं, ब्लडप्रेशर मोजलं आणि चांगल्याच तापल्या. "साहेब, गोळ्या कधीपासून बंद केल्यात?" बाबांनी गोळ्या बंद केल्याचं आईलाही ठाऊक नव्हतं. "इथं नक्को बिक्को चालणार नाही," त्या म्हणाल्या, आणि समोर बसून त्यांना गोळी घ्यायला लावली. वर बिनसाखरेचा चहा. बाबा तासाभरानं घरी आले ते थेट आईला म्हणाले, "बाई लई कडक हाय. पण चहा चांगला करती." त्या दिवसापासून सातची किल्ली आठ-साडेआठपर्यंत घरी यायची नाही. टँकरवरून त्यांची भांडणं होतीच, फक्त आता ती बसून व्हायची. मध्येच बाबा दौलताबादची सीताफळं घेऊन जायचे. रोमचा इतिहास तर त्यांनी माझ्या पुस्तकांतून चाळून काढला, म्हणजे सिस्टरांवर मात करायला काही सापडतं का ते पाहायला. आणि बी विंगमध्ये त्यांना कळलं की सिस्टरांनीही लायब्ररीतून तेच काढलंय.

रोमन लोक सालाला आकडा कमी वापरत. त्या वर्षी जे दोन कॉन्सल असतील त्यांच्या नावानं ते साल ओळखलं जायचं. आमच्याकडंही तसंच झालं. अजून कुणी म्हणतं, "अमक्याच्या मुलीचं बारसं? ते साहेब-सिस्टरच्या सालातलं." माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट होती. साल संपायच्या आत सांगायला हवं. एकदा मुदत संपली की किल्ली गेली, चहा गेला, आणि दोघं आपापल्या विंगमध्ये परत.

साल संपत आलं आणि कुरडयांचे दिवस आले. सगळ्या बायकांनी गच्चीवर साड्या अंथरून कुरडया वाळत घातल्या आणि डोंगराकडून काळ्या तोंडाची वानरं आली. वानरं कुरडई खात नाहीत नुसती. एक उचलतात, चावतात, टाकतात, मग दुसरी उचलतात. सिस्टरांचं धोरण सबुरीचं. त्या म्हणाल्या, लढायचं नाही, जाळी पसरा, पाळीनं राखण करा, दमतील आणि जातील. रोममध्येही असा एक सेनापती होऊन गेला, लढाई टाळून शत्रूला दमवणारा, आणि लोक त्याला भित्रा म्हणत. बाबा दुसऱ्या मताचे. त्यांच्या दिवशी त्यांनी जाळ्या गुंडाळायला लावल्या आणि मला म्हणाले, "माय, ते तुझं कासव काढ."

कासव म्हणजे रोमन सैन्याची रचना. पुढच्या रांगेनं ढाली समोर धरायच्या, मागच्यांनी डोक्यावर धरायच्या, की वरून दगड आले काय नि बाण आले काय, आतल्यांना काही लागत नाही. ढालींच्या जागी घरोघरच्या पराती आल्या. हातात उलथनी, लाटणी, एकीकडं तर क्रिकेटची बॅट. मी सेनापती! मी ओरडले, "पुढची रांग, पराती समोर! मागची रांग, पराती वर! चला!" आणि दोन्ही विंगांच्या बायका हसत हसत, एकमेकींच्या पायांवर पाय देत टाकीकडं सरकू लागल्या. त्याची रात्रपाळी होऊन गेली होती, झोपायचं सोडून तो आला होता आणि दुसऱ्या रांगेत माझ्याशेजारी उभा होता. आमच्या दोघांवर मिळून एकच, लग्नात कणीक मळायची असते तेवढी मोठी परात.

टाकीवरून एका दांडग्या हुप्प्यानं उडी मारली ती थेट आमच्या कासवाच्या पाठीवर. धाडकन आवाज झाला, रोम कोसळलं. किंचाळ्या, हशा, पराती घरंगळत चालल्यात, बाबा ओरडतायत, "रांग मोडू नका, रांग!" आम्ही दोघं जागच्या जागी खाली बसलो, डोक्यावर परात तशीच. त्यानं माझा हात धरला. आत अंधार होता, कुरडयांचा वास येत होता, आणि हसून हसून माझ्या पोटात दुखत होतं. लढाई संपली कधी ते आम्हाला कळलंच नाही.

कुणीतरी परात उचलली. सिस्टर. त्यांनी आमच्या हातांकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं, मग मुलाच्या. बाकी सगळ्या बायका कुरडई घेऊन पळालेल्या वानरामागं होत्या. सिस्टरांनी परात पुन्हा आमच्यावर पालथी घातली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्याकडं किल्ली घ्यायला आल्या. चहा घेतला. पोहे चांगले झालेत म्हणाल्या, त्यावरूनच मला घाम फुटला. जाताना म्हणाल्या, "चल गं, खालपर्यंत सोड मला." जिन्यात त्या दुसऱ्या मजल्यावर थांबल्या.

"माझा नक्को आहे," त्या म्हणाल्या.

मी दोन पायऱ्या पुढं गेले होते, तिथूनच वळले.

"तू आवडत नाहीस असं नाही. आवडतेस. पण माझ्या मुलाला कुणी चालवून घेतलेलं मला चालणार नाही. मुलगी ऐकत नाही, आता काय करणार, म्हणून नाही. शिकलेला आहे, पगार चांगला आहे, म्हणूनही नाही. मी आयुष्यभर बघितलंय, माणसं किती मोठेपणानं आपल्याला चालवून घेतात ते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "इतरांच्यात मुलीचा बाप मुलाच्या दारी जातो आणि मागणी घालतो. तुझे बाबा तसे आले पाहिजेत. किल्ली न्यायला नाही. मागायला."

मी घरी आले आणि त्याच दिवशी बाबांना सांगितलं. उगाच थांबून धीर थोडाच वाढणार होता. बाबा दिवाणावर रोमन पद्धतीनं पडले होते, ते उठून बसले. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते ओरडले नाहीत. "व्हय का," एवढंच म्हणाले, आणि चप्पल घालून गेले. संध्याकाळी कळलं, दौलताबादला गेले होते, चुलत्यांना विचारायला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून आईनं नुसतं ताट वाढलं. शेवटी त्यांनीच सांगितलं. "थोरला म्हणला, तुझी पोरगी, तुझं तू बघ. पण आमच्यातलं एक माणूस मांडवात दिसणार नाय."

त्यानंतरचे दिवस आठवले की हसूही येतं आणि वाईटही वाटतं. बाबांनी बी विंगला जाणं बंद केलं. किल्ली वॉचमनच्या हाती जायची, वॉचमनच्या हाती यायची. त्यांच्या दिवशी पंप सुरू करायचं त्यांच्या लक्षातच राहायचं नाही. लोक बादल्या घेऊन आमच्या दारात. चाचा ट्रिब्यून या नात्यानं आले. "साहब, राजकारण अपनी जगह, पानी कू तो नक्को मत बोलो." त्यांना वाटलं टँकरवरून भांडण झालंय. सगळ्या सोसायटीला तसंच वाटत होतं. कुणी म्हणे दोन्ही कॉन्सलांमध्ये फूट पडली, कुणी म्हणे आता एका माणसाच्या हातात सगळं द्या, सहा महिन्यांसाठी. रोममध्ये संकटात तसंही करायचे, आणि ते मीच कधीतरी सांगून ठेवलं होतं. मी जीभ चावली.

मी बाबांशी भांडलेसुद्धा. म्हटलं, "तुम्हाला त्या घरात चहा चालतो, त्यांच्या हातची गोळी चालते, मग?" बाबा म्हणाले, "चहाचं येगळं असतं माय." म्हटलं, "काय वेगळं?" कंट्रोलर म्हणून उभ्या आयुष्यात ज्यांना शब्द कमी पडला नव्हता, त्या माझ्या बाबांना माझ्यासमोर शब्द सापडत नव्हता. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. मी खोलीत जाऊन रडले, मग त्याला फोन केला, मग तोही रडला, मग त्याची पाळी सुरू होत होती म्हणून आम्ही दोघांनी तोंड धुतलं.

साल संपायला थोडे दिवस उरले होते. तो दिवस सिस्टरांचा होता, किल्लीही त्यांच्याकडंच होती, म्हणजे बाबांना तिकडं जायचं काही कारण नव्हतं. सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. आईला म्हणाले, "चल. साडी बदल." ती हिरवी साडी नेसून आली, आणि मला म्हणाली, "तू नको येऊ. तू इथंच बस." मी बसले कुठली! मी गॅलरीत उभी राहून बी विंगच्या जिन्याच्या खिडक्या बघत होते. पहिल्या मजल्याच्या खिडकीत आईची साडी दिसली. दुसऱ्याच्या दिसली. मग दिसेना.

आत काय झालं ते त्यानं मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. बाबा बसले नाहीत. उभ्यानंच हात जोडले. म्हणाले, "सिस्टर, मी मागायला आलो. तुमचा मुलगा द्या आमच्या पोरीला." सिस्टर म्हणाल्या, "मनापासून?" बाबा म्हणाले, "मनाला लई येळ लागला, खोटं कशाला बोलू. पण आलं. आन् एक आधीच सांगतो. माझ्याकडून लोक येणार नायत. मी येतो, ही येती. एवढंच हाय माझ्याकडं." सिस्टरांनी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बसा आधी. बीपी वाढलंय तुमचं, चेहऱ्यावरून कळतंय."

पुढं लग्नाच्या तयारीत दोघांनी पुन्हा भांडायला सुरुवात केली आणि सोसायटीनं सुटकेचा निःश्वास टाकला. बाबा म्हणाले बँड, सिस्टर म्हणाल्या नक्को. सिस्टर म्हणाल्या जेवणात दोनच पदार्थ, बाबा म्हणाले नक्को. लग्न बौद्ध पद्धतीनं करायचं आणि मी पांढरी साडी नेसायची, यावर दोघांपैकी कुणीच नक्को म्हटलं नाही, तेव्हा मीच चकित झाले. मला रात्री झोप यायची नाही आणि दिवसा पाय जमिनीवर टेकायचे नाहीत. वर्गात रोमन सैन्य पराभूत होत असतानाही मी हसत होते, आणि पोरं पहिल्यांदाच जागी राहून माझ्याकडं बघत होती.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये मधून वाट होती. उजवीकडच्या खुर्च्या मुलाच्या लोकांच्या, डावीकडच्या आमच्या. उजवी बाजू गच्च भरली. त्यांचे काका, मामा, गावाकडून आलेल्या आत्या, दवाखान्यातल्या जुन्या सिस्टरांची एक अख्खी रांग. डावीकडं पहिल्या रांगेत आई. तिच्यामागं ए विंगचे थोडे लोक, चाचा अत्तर लावून. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या, पांढरी कव्हरं घातलेल्या. बाबा दारात उभे होते, स्वागताला. दौलताबादच्या रस्त्यानं कुणी येतंय का ते बघत होते. रिक्षा थांबली की दोन पावलं पुढं व्हायचे आणि पुन्हा मागं यायचे. मी वर स्टेजवर बसले होते, मला सगळं दिसत होतं, आणि दिवसभरात पहिल्यांदाच माझं हसू गेलं.

रोमच्या सिनेटमध्ये मत द्यायची एक पद्धत होती. मी ती दरवर्षी एका ओळीत उरकायची, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही असं मला वाटायचं. हात वर करायचा नाही, बोलायचं नाही. ज्याचं म्हणणं आपल्याला मान्य, त्याच्याकडं उठून जायचं आणि त्याच्याजवळ बसायचं.

सिस्टर उजवीकडच्या पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी दाराकडं, बाबांच्या पाठीकडं पाहिलं. मग रिकाम्या खुर्च्यांकडं. त्या उठल्या, पदर सावरला, मधली वाट ओलांडली आणि आईशेजारी येऊन बसल्या. त्यांनी मागं वळून कुणाला खूण केली नाही. तरी त्यांची थोरली नणंद उठली. मग जुन्या सिस्टरांची रांग उठली. मग एक काका, त्यांची मुलं, सुना, कडेवरची बाळं, खुर्च्या सरकवत, पिशव्या उचलत, "जरा सरका" म्हणत डावीकडं येत राहिले.

बाबा वळले तेव्हा आमची बाजू भरलेली होती. ते वाटेतून हळूहळू पुढं आले आणि सिस्टरांसमोर उभे राहिले.

"सिस्टर, तुमची जागा तिकडं हाय," ते म्हणाले.

"असू दे," सिस्टर म्हणाल्या. "इथून मुलगी नीट दिसते."

बाबा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले, आणि भन्ते येईपर्यंत त्यांनी दाराकडं एकदाही पाहिलं नाही.